जुन्या सायकलींचे सुटे भाग : भंगाराचा भाव आणि लिलावाचा भाव

गावोगावी सायकल दुरुस्तीची जुनी दुकाने बंद होत आहेत. काही ठिकाणी मुलांनी मोटरसायकलचे गॅरेज काढले, काही ठिकाणी मोबाइलचे दुकान आले. अशा वेळी वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळापासून खणांत आणि पत्र्याच्या डब्यांत पडून राहिलेला माल निघतो. त्यात हब असतात, पॅडल, क्रँक, दिवे, घंट्या, चामड्याच्या सीटा आणि ब्रेकचे भाग असतात. काही नग तर कारखान्याच्या मूळ खोक्यात, न उघडलेले मिळतात. हा सगळा माल पोत्यात भरून भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो आणि लोखंडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या दराने विकला जातो.

यांतील प्रत्येक नग मोलाचा असतो असे नाही. बहुतेक माल खरोखरच भंगार असतो. पण पोत्यात पाच-दहा वस्तू अशा असू शकतात की ज्यांच्यासाठी इंग्लंड, इटली, जपान किंवा अमेरिकेतील शौकीन गिऱ्हाईक किलोच्या दराच्या कितीतरी पट पैसे मोजायला तयार असते. ही माणसे पन्नास-साठ वर्षांपूर्वीची सायकल मूळ भागांसह पुन्हा उभी करतात. एक मूळ पॅडल मिळाले नाही तर त्यांचे काम अडते. हा व्यवहार आता मुख्यतः इंटरनेटवरील लिलावातून होतो.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. सायकलींचा माल आमच्याकडे ओळखीतून आला आणि संगणकाचे काम आमच्या एका मित्राने पत्करले. या व्यवहारात जे समजून घ्यावे लागते ते वाचकांपुढे ठेवत आहोत. सायकल दुकानदार आणि भंगार व्यापारी बांधवांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

माल ओळखणे

पहिले काम म्हणजे नावे आणि खुणा वाचणे. आपल्याकडे स्वातंत्र्यापूर्वी आणि त्यानंतरही काही वर्षे ब्रिटिश सायकली मोठ्या प्रमाणात आल्या. रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलिस, फिलिप्स ही नावे जुन्या मिस्त्रींना तोंडपाठ आहेत. पुढे याच नावांच्या सायकली भारतात बनू लागल्या. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला आणि मद्रासला १९४९ मध्ये टी.आय. सायकल्स ही कंपनी स्थापन झाली. म्हणून नुसते 'रॅले' हे नाव पाहून माल इंग्लंडचा समजू नये. 'मेड इन इंग्लंड' असा ठसा आहे का ते पाहावे. भारतीय बनावटीच्या भागालाही गिऱ्हाईक असते, पण त्याची किंमत वेगळी असते आणि ते भारतीय आहे हे स्पष्ट सांगावे लागते. लुधियानाची हुबेहूब नक्कल मूळ म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे.

काही भागांवर साल कोरलेले असते. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा 'एडब्ल्यू' हा तीन गिअरचा हब १९३६ मध्ये निघाला. त्याच्या कवचावर सालाचे शेवटचे दोन आकडे असतात आणि बहुधा महिन्याचाही आकडा असतो. १९५२ ची सायकल जुळवणाऱ्याला ५२ चा ठसा असलेला हब हवा असतो, ६८ चा चालत नाही. इटलीतील व्हिचेन्झा येथे तुल्लिओ कॅम्पान्योलो यांनी १९३३ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचे भाग शर्यतीच्या सायकलींत सर्वाधिक मागणीचे आहेत. तिच्या १९७० च्या आसपासच्या डिरेलरवर, म्हणजे साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागावर, 'पेटंट' हा शब्द आणि सालाचे दोन आकडे सापडतात. आपल्या साध्या सायकल दुकानांत असा माल क्वचितच मिळतो. एखाद्या शर्यतपटूच्या घरातून मात्र तो निघू शकतो.

चामड्याच्या सीटांत बर्मिंगहॅमच्या ब्रूक्स कंपनीचे नाव मोठे आहे. तिची स्थापना १८६६ ची आहे आणि तिची 'बी १७' ही सीट १८९६ पासून आजतागायत बनत आली आहे. दिव्यांमध्ये लुकासचे तेलाचे दिवे आणि कार्बाइडचे दिवे पाहण्यासारखे असतात. कार्बाइडच्या दिव्यात कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकून अ‍ॅसिटिलीन वायू तयार होतो आणि तो जळतो. मुंबईच्या चोरबाजारात असे दिवे शोभेची वस्तू म्हणून विकले जातात. सायकलवाला गिऱ्हाईक मात्र त्याची काच, वात आणि पकड मूळची आहे का हे विचारतो.

एक सूचना महत्त्वाची आहे. माल हाती आला की घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह होतो. तसे करू नये. धूळ आणि जुने ग्रीस कापडाने पुसावे, गरज पडल्यास थोडे रॉकेल वापरावे आणि थांबावे. नवा मुलामा, नवा रंग किंवा सँडपेपरची घासणी यांमुळे शौकीन गिऱ्हाइकाच्या दृष्टीने वस्तूची किंमत घटते. चामड्याच्या सीटला तेल चोपडू नये, त्याने चामडे मऊ पडून सीट झोळीसारखी होते. मूळ खोके फाटके असले तरी फेकू नये.

माप हाच खरा तपशील

कापडात पन्हा आणि मीटर सांगितल्याशिवाय सौदा होत नाही, तसेच येथे माप सांगितल्याशिवाय होत नाही. सायकलींचे आटे देशोदेशी वेगळे होते. क्रँकची धुरी ज्या कपांत फिरते त्या बीबी कपांचे इंग्लिश माप १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे असे आहे. इटालियन माप ३६ मिलिमीटर व्यासाचे आणि इंचाला २४ आट्यांचेच आहे. फ्रेंच माप ३५ मिलिमीटर आणि आट्यांतील अंतर १ मिलिमीटर असे आहे. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने स्वतःचे वेगळे, इंचाला २६ आट्यांचे माप वापरले. इंग्लिश पद्धतीत उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, तर इटालियन पद्धतीत दोन्ही बाजू सुलट्या असतात. डोळ्यांना हे कप सारखेच दिसतात, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

म्हणून एक बरा व्हर्निअर कॅलिपर आणि आटे मोजण्याची पट्टी घेणे हा या धंद्यातला पहिला आणि जरुरीचा खर्च आहे. हँडलचा मधला व्यास, सीटच्या दांड्याचा व्यास, पॅडलच्या धुरीचे आटे, हबमधील स्पोकच्या छिद्रांची संख्या या गोष्टी मोजून कागदावर लिहून घ्याव्यात. माप देता येत नसेल तर वस्तू तशीच ठेवून एखाद्या जाणत्या मिस्त्रीला दाखवावी. अंदाजाने माप लिहू नये.

मापाइतकीच दोषाची तपासणी महत्त्वाची आहे. अ‍ॅल्युमिनियमचे जुने क्रँक आणि हँडल पकडणारा स्टेम यांना केसासारखा बारीक तडा असू शकतो. क्रँकचा तडा बहुधा पाच फाट्यांच्या मुळाशी किंवा पॅडलच्या छिद्राजवळ असतो. असा भाग सायकलीला लावून कोणी उतारावरून निघाला आणि तो तुटला तर जिवावर बेतू शकते. भिंग आणि विजेरी घेऊन पाहावे. तडा दिसला तर तो भाग वापरासाठी विकूच नये.

लिलाव चालतो कसा

या क्षेत्रातील सर्वांत मोठी कंपनी ईबे १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. आपल्याकडे मुंबईची बाझी डॉट कॉम होती, तिला ईबेने २००४ मध्ये विकत घेतले. ईबेचा भारतांतर्गत बाजार २०१७ मध्ये फ्लिपकार्टकडे गेला आणि २०१८ मध्ये बंद झाला. भारतीय विक्रेत्यांना परदेशी गिऱ्हाइकांना माल विकण्याची वाट मात्र खुली राहिली.

येथील बोलीची पद्धत बाजार समितीतल्या तोंडी बोलीपेक्षा निराळी आहे. बोली लावणारा आपली जास्तीत जास्त रक्कम गुप्तपणे नोंदवतो आणि संगणक त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत जातो. समजा, एकाने जास्तीत जास्त ६० डॉलर नोंदवले आणि दुसऱ्याने ४५. तर पहिल्याला वस्तू ६० ला नव्हे, ४६ डॉलरला मिळते, म्हणजे दुसऱ्याच्या बोलीपेक्षा एक पायरी वर. अर्थशास्त्रज्ञ विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर ठरणाऱ्या लिलावाचा शास्त्रीय विचार मांडला होता. त्यांना १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजची पद्धत त्याच जातीची आहे.

यातून विक्रेत्याने घ्यायचा धडा असा की लिलावाला एक गिऱ्हाईक पुरत नाही, दोन लागतात. किंमत सर्वांत हौशी माणूस ठरवत नाही, त्याच्या मागचा ठरवतो. म्हणून ज्या वस्तूला बरेच लोक शोधत असतात, उदाहरणार्थ चांगल्या स्थितीतील ब्रूक्सची सीट किंवा कॅम्पान्योलोचे डिरेलर, ती लिलावात घालावी. जी वस्तू जगात चार-दोन माणसांनाच हवी आहे, ती लिलावात घातली तर एकच बोली येऊन सुरुवातीच्या किमतीला जाते. अशा वस्तूला ठराविक किंमत लावून धीराने थांबावे. सुरुवातीची बोली इतकी ठेवावी की एकच बोली आली तरी नुकसान होणार नाही.

भाव ठरवण्यासाठी इतरांनी मागितलेल्या किमती पाहू नयेत. मागणारा काहीही मागतो. संकेतस्थळावर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या पाहता येतात, तोच खरा बाजारभाव होय. वेळेचाही विचार करावा. बरेच जण शेवटच्या काही सेकंदांत बोली लावतात, म्हणून गिऱ्हाईक घरी असेल अशा वेळी लिलाव संपणे चांगले. इंग्लंडमध्ये रविवारी रात्री आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचा दीड आणि त्यांच्या उन्हाळ्यात साडेबारा वाजलेले असतात. संकेतस्थळावर वेळ आधी नेमून ठेवता येते, त्यामुळे जागरणाची गरज नाही.

मित्र : मदतनीस, आडत्या की भागीदार?

आमच्या वयाचे पुष्कळ व्यापारी माल ओळखतात, पण संगणकावर खाते उघडणे, फोटो चढवणे, इंग्रजीत उत्तरे देणे त्यांना जमत नाही. मग एखादा मित्र, पुतण्या किंवा शेजारचा शिकलेला मुलगा मदतीला येतो. सुरुवात "अहो, त्यात काय, मी करून देतो" अशी होते. या वाक्यावर धंदा उभा करू नये. सौद्यापूर्वी मित्राशी पैशाची भाषा बोलायला संकोच वाटतो, पण तो संकोच नंतर महागात पडतो.

कारण असे की कागदोपत्री विक्रेता मित्रच असतो. खाते त्याच्या नावाचे, पॅन त्याचा, पैसा त्याच्या बँकेत जमा होतो आणि आयकरात ती रक्कम त्याच्याच नावावर दिसते. गिऱ्हाइकाचा वाईट शेरा आला तर तो त्याच्या नावाला लागतो. उलट विक्रेत्याला गिऱ्हाइकाविरुद्ध वाईट शेरा देण्याची सोय ईबेने २००८ पासून काढून टाकली आहे. म्हणजे माल आमचा आणि अब्रू त्याची, असा हा मामला आहे. कापडाच्या पेठेतला आडत्या दुसऱ्याचा माल आपल्या नावावर विकतो, जोखीम घेतो आणि त्याबद्दल आडत घेतो. मित्राचे काम त्याच जातीचे आहे. त्याला फुकटचा मदतनीस समजणे अन्यायाचे होईल.

म्हणून एका कागदावर पुढील गोष्टी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मित्राचा वाटा किती आणि तो कशावर? माल परत आला तर टपालखर्च कोणी सोसायचा? न विकला गेलेला माल कोणाचा? हिशेब दर महिन्याच्या कोणत्या तारखेला करायचा? आणि मित्राच्या नावावर येणाऱ्या कराचा भार कोणी, किती उचलायचा?

वाटा कशावर, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण भांडणे तिथेच होतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. वस्तू ४,००० रुपयांना गेली आणि गिऱ्हाइकाने टपालाचे १,५०० वेगळे दिले. एकूण आले ५,५००. संकेतस्थळाची फी टपालासह एकूण रकमेवर लागते. ती १५ टक्के धरली तर ८२५ रुपये होते. प्रत्यक्ष टपाल १,५००, बांधणीचा खर्च १०० आणि वस्तूची खरेदी ५७५. हे सर्व वजा जाता उरतात २,५०० रुपये. मित्राचा वाटा निव्वळ नफ्याच्या ४० टक्के ठरला असेल तर त्याला १,००० आणि मालवाल्याला १,५०० मिळतात. पण तोंडी नुसते '४० टक्के' ठरले असेल आणि मित्राने ते ४,००० च्या विक्रीवर धरले तर त्याला १,६०० आणि मालवाल्याला ९०० राहतात. आकडा एकच, दोघेही प्रामाणिक, आणि तरी सातशेच्या निम्म्याहून कितीतरी जास्त, म्हणजे सहाशे रुपयांचा फरक एका वस्तूत पडला. पन्नास वस्तूंनंतर मैत्रीचे काय होईल ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट. भाव वर न्यावा म्हणून मित्राने, घरच्याने किंवा ओळखीच्याने आपल्याच वस्तूवर बोली लावणे मना आहे. संकेतस्थळ असे खाते बंद करू शकते. ब्रिटनमध्ये तर २०१० साली अशा खोट्या बोलीबद्दल एका विक्रेत्याला न्यायालयाने दोषी ठरवले. खोटी बोली म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालणेच आहे.

वर्णन, बांधणी आणि पाठवणूक

परदेशातले गिऱ्हाईक माल हातात घेऊन पाहू शकत नाही. मित्राचे लेखन आणि फोटो हेच त्याचे डोळे. दिवसाच्या उजेडात, साध्या कापडावर ठेवून सर्व बाजूंचे फोटो घ्यावेत. कंपनीची खूण, सालाचा ठसा आणि जिथे गंज, पोचा किंवा ओरखडा असेल ती जागा जवळून दाखवावी. 'उत्तम', 'दुर्मिळ' असे शब्द टाळून माप आणि दोष लिहावेत. ईबेवर वर्णनाप्रमाणे माल नसल्यास गिऱ्हाइकाला पैसे परत मागता येतात आणि परतीचे टपाल विक्रेत्यावर पडते. परदेशातून परतीचे टपाल कित्येकदा वस्तूपेक्षा महाग होते. त्यामुळे लपवलेला एक पोचा दहा सौद्यांचा नफा खाऊ शकतो.

टपालाचा दर केवळ काट्यावर ठरत नाही. कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सामान्यतः ५,००० ने भागतात आणि येणारे वजन प्रत्यक्षापेक्षा जास्त असेल तर त्याचे पैसे लावतात. ६० बाय ४५ बाय १५ चे खोके या हिशेबाने ८.१ किलो भरते, आत हँडल अर्ध्या किलोचे का असेना. म्हणून वस्तू विक्रीला लावण्यापूर्वीच खोके तयार करून माप घ्यावे.

कायद्याच्या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, व्यापारी निर्यातीला आयात-निर्यात कोड लागतो आणि पार्सलवर खरी किंमत लिहावी लागते. गिऱ्हाइकाने कर वाचवण्यासाठी 'भेटवस्तू' लिहा म्हटले तरी लिहू नये. दुसरी, तिकडचे कर बदलले आहेत. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालावरचा व्हॅट संकेतस्थळच विक्रीच्या वेळी वसूल करते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवली आणि त्या गोंधळात भारतीय टपाल खात्याची तिकडची पार्सल सेवाही काही आठवडे खंडित झाली होती. म्हणून प्रत्येक वेळी चालू नियम पाहूनच भाव सांगावा. तिसरी, शंभर वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि तशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. फार जुन्या दिव्याबद्दल शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी. पुण्यात सायकलींचे एक चांगले खाजगी संग्रहालय आहे. काही वस्तू इथेच राहिलेल्या बऱ्या, हेही लक्षात असू द्यावे.

माल घेताना ज्याच्याकडून घेतला त्याची सहीची पावती अवश्य ठेवावी. चोरीचा माल दुसऱ्या दाराने आपल्या दुकानात येऊ नये यासाठी हाच आधार आहे.

शेवटी दुकानदाराचा हक्क

एक प्रश्न उरतो तो ज्याच्या खणातून हा माल निघाला त्या म्हाताऱ्या मिस्त्रीचा. तो किलोने द्यायला तयार असतो, कारण त्याला परदेशातला भाव ठाऊक नसतो. व्यापारात स्वस्त घेणे आणि महाग विकणे गैर नाही, त्यासाठी आपण मेहनत करतो आणि जोखीम घेतो. पण समोरच्याच्या अज्ञानावर सगळा नफा उभा असेल तर तो धंदा टिकत नाही. आम्ही अशी पद्धत ठेवली आहे की साधा माल वजनाने घ्यायचा, खुणेचे नग वेगळे काढून त्यांची यादी मिस्त्रीला द्यायची आणि ते विकले गेल्यावर त्यालाही ठरलेला हिस्सा पोचवायचा. याचा एक फायदा असा की तोच मिस्त्री पुढच्या दुकानाचा पत्ता सांगतो, कोणता कप कोणत्या सायकलीचा हे ओळखून देतो आणि तडा गेलेला क्रँक हातात घेताच बाजूला टाकतो. इतके ज्ञान कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही आणि ती दुकाने बंद होत असताना ते माणसांबरोबर चालले आहे.

ज्या बांधवांच्या ओळखीत असे एखादे दुकान असेल त्यांनी पोते काट्यावर चढण्यापूर्वी एकदा खण उघडून पाहावा. कॅलिपर, वही आणि हिशेबाला पक्का असा एक मित्र, एवढ्या भांडवलावर सुरुवात करता येते.